गोळी सदोष, बॅरल बाद: दुकानदाराकडून भरपाई कशी वसूल करावी

"बॅरल साफ ठेवत नसाल तुम्ही." पॉइंट टू-टू रायफलचं फुगलेलं बॅरल (गोळी जाते ती नळी) घेऊन दारूगोळ्याच्या दुकानात गेलात की काउंटरपलीकडून येणारं पहिलं वाक्य हेच असतं. दुसरं ठरलेलं: "हा लॉट पन्नास जणांना विकला, कुणाची तक्रार नाही." (लॉट म्हणजे कारखान्यातून एकत्र निघालेला माल.) ही दोन्ही वाक्यं मी दोनदा ऐकली आहेत. पहिल्यांदा हात हलवत परत आलो, दुसऱ्यांदा बॅरलचे पैसे घेतले. दुकान तेच होतं. (परवानाधारकांना दुकानांचे पर्याय किती असतात, ते मी सांगायला नको.) फरक पडला तो गोळी बिघडल्यानंतरच्या पहिल्या तासात मी काय केलं, यामुळे.

स्वप्नील कुसाळेने २०२४ला पॅरिसमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशनचं (गुडघ्यावर, पडून आणि उभं राहून नेमबाजी) ब्राँझ घेतल्यापासून आमच्या रेंजवर, म्हणजे नेमबाजीच्या मैदानावर, नवी मुलं येतात, पालक कर्ज काढून रायफल घेतात. म्हणून हे लिहितोय. परवाना, खरेदीची पावती, परवान्यावरची काडतुसांची नोंद हे सगळं तुमच्याकडे नीट आहे असं धरून चालतो. नसेल तर आधी ते बघा.

फुसका बार झाला की थांबा

आवाज दबका, धक्का नेहमीपेक्षा हलका आणि टार्गेटवर भोक नाही, म्हणजे दारू पुरेशी भरलेली नव्हती किंवा नीट पेटली नाही. काडतुसाच्या कडेतल्या प्रायमरच्या (दारू पेटवणाऱ्या मसाल्याच्या) नुसत्या जोरावर २.६ ग्रॅमचं शिसं बॅरलमध्ये शिरलं आणि तिथंच बसलं. नळी टार्गेटकडेच ठेवा, बोट ट्रिगरवरून काढा, ३० सेकंद थांबा, कारण कधीकधी गोळी उशिरा पेटते. मग बोल्ट (मागून नळी बंद करणारा दांडा) उघडा आणि रेंज ऑफिसरला हाक मारा. पुढची गोळी भरून मारलीत तर ती अडकलेल्या गोळीवर आदळते, त्या जागी पोलाद फुगतं आणि आतून कडं पडतं. रेंजच्या भाषेत, रिंग पडली.

एवढं माहीत असूनही मी दोन्ही वेळा पुढची गोळी मारली. कानावर मफ, शेजारच्या लेनचा बार नेमका त्याच क्षणी, आणि सरावात एकाच कागदावर पाच-पाच गोळ्या मारताना एक कमी पडलेली कळत नाही. हे लपवायचं नाही. का ते पुढे येईल.

काडतूस कडेला फुटून मागे गॅस आला आणि एक्स्ट्रॅक्टर (रिकामी पुंगळी बाहेर ओढणारा आकडा) तुटला, तरी पुढचं सगळं असंच करायचं. फक्त आधी डोळे बघा, मग रायफल.

पहिला तास

पहिल्या वेळी मी काय केलं ते सांगतो, म्हणजे तुम्ही ते करणार नाही. घरी आलो, सवयीने रॉड काढला, ब्रश फिरवला, चार पॅच (साफ करायचे कापडाचे तुकडे) काढले. पाचवा पॅच बॅरलच्या मधे एका ठिकाणी अचानक सैल सरकला. हाताला कळतं ते, रॉड घट्ट जात असतो आणि बोटभर जागेत एकदम मोकळा पडतो. नळी खिडकीकडे धरून पाहिलं तर चकचकीत आटे (नळीच्या आतल्या वळणदार खाचा) आणि त्यांच्यामध्ये काळसर बांगडी. दुसऱ्या दिवशी दुकानात गेलो. दुकानदार गोड बोलला, "उरलेली पेटी द्या, कंपनीला पाठवतो." दिली. तीन महिन्यांनी उत्तर आलं: लॉटमध्ये दोष आढळला नाही. अर्धा पुरावा मी स्वतः धुतला होता आणि उरलेला त्याच्या गल्ल्यावर नेऊन ठेवला होता.

तर पहिलं: बॅरल साफ करू नका. एक पॅचही नाही. फुगवटा ब्रशने जात नाही हे खरं, पण त्याच्या मागे पडलेली न जळलेली दारू आणि शिशाचा थर जातो, आणि दारू कमी होती किंवा पेटली नाही हे सांगणारी खूण तीच असते. "गंज धरेल हो" म्हणून काळजी करणाऱ्यांना सांगा, चार दिवसांत काही होत नाही. कोरड्या जागी, केसमध्ये ठेवून द्या.

दुसरं: पेटी. लॉट नंबर पेटीवर असतो, काडतुसावर नाही. त्यामुळे गोळ्या प्लास्टिकच्या डबीत ओतून पेटी कचऱ्यात टाकणाऱ्यांनी ती सवय आजच सोडावी. ५०च्या पेटीतल्या माझ्या १९ झाल्या होत्या, ३१ उरल्या. त्या ३१ त्याच पेटीत, १९ रिकाम्या पुंगळ्या वेगळ्या पिशवीत. पेटीला चिकटपट्टी आणि पट्टीवर आडव्या तीन सह्या: माझी, रेंज ऑफिसरची, शेजारच्या लेनवाल्याची.

तिसरं: पंचनामा. शब्दाला घाबरू नका, वहीचा कागद पुरतो. तारीख, वेळ, लेन, रायफलचा नंबर, लॉट नंबर, किती मारल्या, किती उरल्या, कितव्या गोळीला काय जाणवलं, कुणी काय पाहिलं. आणि फुसका बार ओळखता आला नाही, पुढची गोळी मारली, हेही त्यातच लिहा. दुकानदार ते पुढे काढणारच आहे. तुमच्या तोंडून पहिल्याच दिवशी आलेलं असलं की त्याला त्यातून "बघा, लपवलं" म्हणता येत नाही. मी लिहिलं होतं: "शेजारील लेनच्या आवाजामुळे लक्षात आले नाही." खाली शेजारच्या लेनवाल्यानेच सही केली.

चौथं, आणि इथं मी जरा आवाज चढवून बोलतो. एखादा अनुभवी म्हणवणारा हमखास सांगतो, "दोन काडतुसं फोडून आतली दारू वजनावर घाल, लगेच कळेल." अजिबात नाही. फोडलेलं काडतूस हा पुरावा राहत नाही, ती तुमची छेडछाड होते. ग्राहक संरक्षण कायदा २०१९मध्ये नुकसान झालं त्या वेळी उत्पादनात फेरफार किंवा गैरवापर झालेला असेल तर विक्रेत्यावर दावा चालत नाही, हे कलम ८७ स्पष्ट सांगतं; फोडलेलं काडतूस दिसलं की दुकानदार तेच पुढे करणार. शिवाय कलम ३८ प्रमाणे नमुना मोहोरबंद करून प्रयोगशाळेत पाठवण्याचं काम ग्राहक आयोगाचं आहे. त्यासाठी तुमच्याकडे न उघडलेला, सह्यांचा माल असला पाहिजे. दुकानदाराने नमुना मागितला तर पाच काडतुसं द्या, लेखी पोच घेऊन, आणि परवान्यावरच्या आकड्याशी हिशेब जुळवून. सगळी पेटी कधीच नाही.

पाचवं, कारागिराचा अहवाल. दुरुस्तीचा परवाना असलेला गनस्मिथ गाठा, आणि तो त्याच दुकानाचा माणूस नसावा. "हो हो, गोळीच खराब" हे त्याने चहा पिताना म्हटलेलं वाक्य शून्य किमतीचं. लेटरहेडवर दोन प्रश्नांची उत्तरं हवीत: नुकसान नेमकं कुठे आणि किती, आणि हे गंजाने, घाणीने किंवा चेंबर (काडतूस बसतं ती जागा) आणि बोल्टच्या दोषाने झालेलं असू शकतं का. माझ्या कारागिराने शिशाचा मऊ तुकडा रॉडने ढकलून तो कुठे सैल पडतो ते मोजलं: नळीच्या तोंडापासून २१ सेंटिमीटरवर. चेंबर ठीक, गंज नाही, बोल्ट व्यवस्थित बंद होतो. दुकानदाराच्या "साफ ठेवत नसाल"ला या तीन ओळी पुरल्या.

सहावं जमलं तर करा: त्याच लॉटच्या गोळ्या रेंजवर आणखी कोण वापरतंय ते विचारा. मला एक मुलगी भेटली, तिला त्याच लॉटमध्ये दोन मिसफायर झाले होते, म्हणजे गोळी पेटलीच नव्हती. तिची चार ओळींची चिठ्ठी जोडली. दुकानदाराचे पन्नास समाधानी ग्राहक तिथं एकोणपन्नास झाले.

किती मागायचं

नवी रायफल मागू नका. रिंग पडलेल्या बॅरलसाठी अख्खी रायफल मागणाऱ्याचं पत्र कुणी गंभीरपणे घेत नाही. बॅरल, बसवण्याची मजुरी, आयातीचा खर्च आणि शुल्क, कारागिराच्या अहवालाची फी, सदोष पेटीची किंमत, एवढंच मागा, पावत्यांसह. बॅरलमधून हजारो गोळ्या गेल्या असतील तर घसारा स्वतःच वजा करून दाखवा. मी चौथा हिस्सा वजा केला आणि त्यानंतर आकड्यावर वाद झाला नाही.

दुकानदार म्हणेल, "बॅरल कापून देतो, तोंड नव्याने घासून देतो." रिंग तोंडापासून एखाद्या इंचात असेल तर हा सौदा वाईट नाही. माझ्यासारखी २१ सेंटिमीटरवर असेल तर २६ इंची बॅरलमधून आठ इंचांहून जास्त जातं. ५० मीटरवर दहाचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं असतं. तिथं असलं ठिगळ मला तरी चालत नाही.

हुकलेल्या स्पर्धेचे, बुडालेल्या संधीचे पैसे मागून कागद जड करू नका. आर्थिक तोटा ‘हानी’च्या व्याख्येतून कायद्यानेच वगळलाय. मालमत्तेच्या नुकसानीसोबत झालेला मानसिक त्रास मात्र त्या व्याख्येत बसतो.

कुणाकडे मागायचं

"कंपनीला ईमेल टाका" हा सगळ्यात निरुपयोगी सल्ला. परदेशी कंपनी उत्तर देते, नम्र उत्तर देते, आणि महिने जातात. त्याच कायद्याचं कलम ८६ वाचा: उत्पादक कोण ते कळत नसेल, त्याला नोटीस बजावता येत नसेल किंवा तो भारतातल्या कायद्याच्या कक्षेत येत नसेल, तर विक्रेता जबाबदार. आणि कायद्याच्या ‘विक्रेता’ या शब्दात आयातदारही येतो. गोळी परदेशी असेल तर दुकानदार आणि आयातदार, दोघांनाही नोटीस द्या.

आणखी एक गोष्ट तुमच्या बाजूची आहे. उत्पादन दायित्वात (सदोष वस्तूने केलेल्या नुकसानीच्या जबाबदारीत) विकलेल्या वस्तूचं स्वतःचं नुकसान धरत नाहीत, तिने दुसऱ्या मालमत्तेचं केलेलं नुकसान धरतात. इथं विकली गोळी आणि मोडलं बॅरल, त्यामुळे आपलं प्रकरण त्यात चपखल बसतं. गोळ्यांचे पैसे सदोष माल म्हणून वेगळे मागायचे.

बिल क्लबच्या नावावर आहे म्हणून गप्प बसू नका. खरेदीदाराच्या संमतीने वस्तू वापरणाराही ग्राहकच. क्लबच्या वाटप-रजिस्टरच्या पानाची सहीशिक्क्याची प्रत घ्या.

पत्र, नोटीस, आयोग

पहिलं पत्र खरेदीपासून ३० दिवसांच्या आत गेलं तर उत्तम. सदोष माल बिलात दिलेल्या मुदतीत, आणि मुदत दिलेली नसेल तर ३० दिवसांत, परत न घेणं ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते, बिलावर "विकलेला माल परत घेतला जाणार नाही" छापलं असलं तरी. व्हॉट्सअॅपवर फोटो पाठवून वाट बघत बसू नका. स्पीड पोस्टने पत्र, सोबत झेरॉक्स, उत्तराला १५ दिवस. उत्तर नाही आलं तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार, मग ई-जागृती पोर्टलवरून जिल्हा आयोगात. तुम्ही राहता त्याच जिल्ह्यात दाखल करता येते, वकील सक्तीचा नाही, मुदत दोन वर्षं. शुल्क मागितलेल्या भरपाईवर नाही, वस्तूसाठी तुम्ही मोजलेल्या किमतीवर ठरतं. ५ लाखांपर्यंत ते शून्य आहे आणि काडतुसाची पेटी काही ५ लाखांची नसते. समोरच्याला उत्तराला ३० दिवस आणि फार तर १५ वाढीव.

माझं प्रकरण तिथवर गेलं नाही. नोटिशीनंतर दुकानदाराने आधी दोन पेट्या फुकट देऊ केल्या, त्याही त्याच कंपनीच्या. नको म्हटलं. मग बॅरल आणि मजुरीचा चेक दिला, चौथा हिस्सा वजा करून. "सर्व हिशेब मिटला" या कागदावर मी चेक वटल्यानंतर सही केली, आधी नाही. त्यानेही आधी सहीचा हट्ट धरला नाही, कारण सीलबंद पेटी अजून माझ्याच कपाटात होती. हिशेब मिटल्यावर ती ३१ काडतुसं परवान्यावर नोंद करून त्याच काउंटरवर परत केली. या वेळी पोच घेतली.