खड्डे मोजण्याआधी कॅन मोजा: शहरात झाडं लावताना या चुका टाळा

दर जूनमध्ये आमच्या रविवारच्या टेकडी ग्रुपवर एकच प्रश्न येतो, "यंदा किती झाडं लावायची?" कुणी शंभर म्हणतं, कुणी पाचशे. राज्य सरकारनेही 2016 ला 2 कोटी आणि 2019 ला 33 कोटींचं लक्ष्य ठेवलं होतं, म्हणजे आकड्यांचा मोह फक्त आपल्यालाच नाही. पण पुण्यातल्या टेकडीवर रोप मरतं ते मार्च ते मेमध्ये, आणि तेव्हा फोटो काढायला कुणी आलेलं नसतं. म्हणून आम्ही आता उलटा हिशेब करतो. आधी उन्हाळा, मग पावसाळा.

हिशेब सोपा आहे. नव्या रोपाला आठवड्यातून एकदा साधारण 15 लिटर पाणी धरा. 40 रोपं म्हणजे 600 लिटर, म्हणजे 20 लिटरचे 30 कॅन. दर आठवड्याला, नोव्हेंबरपासून पाऊस येईपर्यंत, वर चढवायचे. दहा माणसं नेमाने येणार असतील तर माणशी तीन फेऱ्या. दहाजण कबूल होतात आणि फेब्रुवारीत चारजण येतात, हे गृहीत धरूनच रोपांचा आकडा ठरवा. पहिल्या वर्षी आम्ही हा हिशेब केला नव्हता. मे महिन्यात वर गेलो तर खड्ड्यांत काड्या उभ्या होत्या आणि बॅनरच्या दोऱ्या अजून खांबांना लटकत होत्या.

लावणीची घाई

5 जूनला पर्यावरण दिन असतो आणि पुण्यात मान्सून साधारण 10 जूनच्या सुमारास पोचतो. त्यातही पहिली सर देऊन पाऊस दडी मारतो, हे दरवर्षीचंच. 5 तारखेला भाषणं करा, खड्डे तपासा, रोपं वाटा, पण लावू नका. खड्ड्यात हात घालून वीतभर खोल ओल लागली की मगच लावा. जुलैचा पहिला आठवडा आमच्याकडे जमून येतो. वनमहोत्सव 1950 पासून जुलैच्या पहिल्या आठवड्यातच साजरा होतो, त्यामागे काहीतरी शहाणपण असणारच.

खड्डे मात्र मेमध्येच घ्या. दीड-दोन फूट लांब, रुंद आणि तेवढेच खोल, आणि ऊन खाऊ द्या. टेकडीवर वीतभर मातीखाली मुरूम आणि त्याखाली काळा कातळ असतो. पहार आपटून ठिणग्या निघायला लागल्या तर हट्ट करू नका, दोन पावलं सरकून दुसरा खड्डा घ्या. कातळातला खड्डा बादलीसारखा भरतो आणि मुळं आत कुजतात. जुलैत पानं पिवळी पडली की लोक आणखी खत घालतात. आधी तिथे पाणी साचतंय का ते बघा आणि उताराच्या बाजूने आळं फोडून चर काढून द्या.

खत म्हणजे कुजलेलं शेणखत. कच्चं घातलंत तर हुमणी आणि वाळवीला आयतं आमंत्रण.

पिशवी आणि चकली

दोन वर्षं हलतच नव्हतं असं एक करंज आम्ही शेवटी उपटलं. खालची मुळं चकलीसारखी वेटोळी होऊन पिशवीच्या आकारातच थांबली होती. काळं प्लॅस्टिक कुणीतरी काढलं होतं, पण तो गोळा तसाच्या तसा खड्ड्यात ठेवला होता. आणखी वाईट म्हणजे शेजारच्या दोन खड्ड्यांत पिशवीसुद्धा सापडली. मुलांची सहल आली होती, फोटो झाला, माती लोटली, चला.

पिशवी ब्लेडने उभी चिरून काढा. बाहेरून गोल फिरलेली मुळं बोटांनी सोडवा, सुटत नसतील तर कात्रीने तीन-चार ठिकाणी कापा. हात थरथरतो, पण रोप त्याने मरत नाही. सगळ्या पिशव्या मोजून परत आणा. पिशव्या जितक्या, तितकी रोपं खरी लागली.

रोप पिशवीत जितकं खोल होतं तितकंच खड्ड्यात बसवा. भुसभुशीत माती पहिल्या पावसात खाली बसते आणि बुंधा गाडला जातो, म्हणून माती पायाने दाबून घ्या. आळ्यात पालापाचोळ्याचा जाड थर द्या, फक्त खोडाला चिकटवू नका, चार बोटं जागा सोडा. आणि सोसायटीत गोळा होणारा पाला जाळायचा नाही. तो पोत्यात भरून वर आणा, आम्हाला तो कमीच पडतो.

सगळ्यांना हवा गुलमोहर

गुलमोहर मूळचा मादागास्करचा. तो दिसतो छान, पण वादळात त्याच्या फांद्या पटकन मोडतात. गिरिपुष्प (ग्लिरिसिडिया) हे परदेशी झाड तर पुण्याच्या टेकड्यांवर इतकं लावलं गेलंय की काही उतारांवर दुसरं काही दिसत नाही. त्याऐवजी शिवण, पळस, पांगारा, काटेसावर, बहावा, अर्जुन, कडुनिंब अशी आपली झाडं आहेत. रस्त्यावर विजेच्या तारा असतील तर खाली वड-पिंपळ लावू नका. कांचन, पारिजातक, फार तर बहावा. नाहीतर दरवर्षी तारांच्या बाजूची फांदी तेवढी छाटली जाते, झाड एकीकडे कलतं आणि मेच्या वळवात कुणाच्या तरी गाडीवर येतं.

एक गोष्ट म्हटली की माझे मित्र चिडतात. टेकडीवरची प्रत्येक मोकळी जागा भरायची नसते. ते गवताळ माळ मोकळेच असायला हवेत. टिटवी उघड्या जमिनीवरच अंडी घालते, तिथे तुम्ही मियावाकी या जपानी दाट लागवडीच्या पद्धतीने चौरस मीटरला तीन-चार रोपं ठासलीत तर ती जाणार कुठे? ती पद्धत शहरातल्या राडारोडा टाकलेल्या पडीक प्लॉटवर करा, पाण्याची सोय असेल तर.

"मेलंय वाटतं"

पानगळीच्या झाडांनी नवख्यांना फार फसवलंय. एकदा फेब्रुवारीत एका नव्या सभासदाने निष्पर्ण पांगारा मेला समजून उपटून आणला. मी नखाने खोड खरवडलं, खाली हिरवंगार. तो लगेच परत लावला, पण मुळं तुटली होती, वाचला नाही. तेव्हापासून नियम आहे, नखाने खरवडून बघितल्याशिवाय कुणी काही उपटायचं नाही. वर तपकिरी लागलं तर खाली सरका. बुंध्यापाशी हिरवं असेल तर वाळलेला शेंडा कापा आणि पाणी चालू ठेवा, बहुतेक वेळा खालून फुटवा येतो.

पानांना भोकं दिसली की कुणीतरी फवारणीचा पंप घेऊन येतंच. बहाव्यावर फुलपाखरांच्या अळ्या असतात, खाऊ द्या. करंजाच्या पानांवर फोड येतात, ते सूक्ष्म कोळ्यांमुळे. दिसायला भयंकर, पण झाडाला काही होत नाही. खोडावर मातीचे पापुद्रे चढताना दिसले तर ती वाळवी. पापुद्रे हाताने खरवडून टाका, आळ्यात निंबोळी पेंड द्या, आणि मुख्य म्हणजे पाणी वेळेवर द्या.

रोज मगभर पाणी घालणारे काका-काकू फार प्रेमळ असतात, त्यांना दुखवायचं नाही. पण त्या मगाने वरची दोन बोटं माती भिजते, मुळं वरच राहतात आणि मेमध्ये होरपळतात. त्यांना एवढंच सांगा, "काकू, सात दिवसांचं एकदम घाला, सावकाश."

टेकडीवर दिवाळीनंतर गवत वाळलं की वणव्याची भीती. लावलेल्या पट्ट्याभोवती आणि प्रत्येक आळ्याभोवती गवत कापून जागा साफ ठेवा. एका बिडीने दोन वर्षांचं काम अर्ध्या तासात जातं.

मोठी झाडं विसरू नका

नवं लावण्याच्या नादात सोसायटीतलं तीस वर्षांचं झाड पेव्हर ब्लॉकमध्ये गुदमरत असतं. राष्ट्रीय हरित लवादाने 2013 मध्ये दिल्लीच्या प्रकरणात झाडाभोवतीचं एक मीटरपर्यंतचं काँक्रीट काढायला सांगितलं होतं. तोच आकडा सोसायटीच्या मीटिंगमध्ये ठेवा. जाहिरातींचे खिळे पकडीने उपटा. चुना-गेरू लावला तर चालतो, ऑइलपेंट नको. आणि फांदी कापायची असेल तर आधी महापालिकेच्या उद्यान विभागात अर्ज करा. 1975 चा वृक्षसंरक्षण कायदा शहरातल्या खासगी आवारालाही लागू आहे, आणि 2021 च्या दुरुस्तीनंतर 50 वर्षांवरच्या झाडांना हेरिटेज म्हणून वेगळं संरक्षण आहे.

बांबूला रोप बांधताना नायलॉनची दोरी वापरू नका, ती सालीत रुतते. जुन्या सुती साडीच्या पट्ट्या घ्या, इंग्रजी आठाच्या आकारात सैल गुंडाळा. लोखंडी ट्री गार्डचंही तसंच. देणगीदाराचं नाव ठळक असतं, पण तो काढायचा कुणी हे कुठेच लिहिलेलं नसतं. आमच्या रस्त्यावर एका कडुनिंबाने गार्डची वरची कडी अर्धी गिळली होती. ग्राइंडरने कडीचे चार तुकडे केले, तीन निघाले. चौथा आतच ठेवला, कारण तो ओढला असता तर साल निघाली असती. आता आमच्या वहीत लावणीच्या तारखेशेजारी आणखी एक रकाना आहे, गार्ड काढण्याची तारीख.