सहकुटुंब मंडळीची (म्हणजे चर्चची) सेवा करताय? मग या चुका टाळा

"मी आणि माझे घराणे परमेश्वराची सेवा करणार" या बायबलमधल्या वचनाची (यहोशवा २४:१५) फ्रेम आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या हॉलमध्ये असते. पण होतं काय, सेवा करणार असं एकटे पप्पा बोलून मोकळे होतात आणि घराण्याला ते रविवारी सूचना वाचताना कळतं. घरच्यांना न विचारता त्यांची नावं देऊ नका, प्लीज.

आमच्या मंडळीत एका वर्षी हंगामाच्या सणाच्या (पिकाबद्दल देवाचे आभार मानतो तो) प्रेमभोजनाचा, म्हणजे सगळ्या मंडळीच्या एकत्र जेवणाचा विषय निघाला तर एक बंधू उभे राहिले, म्हणाले केटरर नको, यंदाचं जेवण आमच्या घरचं. टाळ्या पडल्या. इकडे मुलीची सोमवारी परीक्षा, मुलगा कंपनीत सेकंड शिफ्टला, आजींचे गुडघे धरलेले, म्हणजे उरल्या फक्त वहिनी. पहाटेपासून एकट्या कांदा चिरतायत, महिला मंडळाच्या बायका मदतीला आल्या तर यांनी त्यांना परत पाठवलं, का तर "ही आमची फॅमिली सेवा आहे". दोनशे माणसांचा भात एकाच टोपात लावला आणि व्हायचं तेच झालं, खाली करपला, मधे लगदा, वर कच्चा. पाळकसाहेबांचा आशीर्वाद झाला, अर्पण आलेल्या मालाच्या लिलावातला शेवटचा भोपळासुद्धा गेला तरी पंगत बसेना, पोरं रडायला लागली, शेवटी बेकरीतून पाव आणून रश्श्याबरोबर वाढले. वहिनी नंतर कितीतरी महिने किचनकडे फिरकल्या नाहीत, आणि मला विचाराल तर बरोबरच केलं त्यांनी.

माझी सवय सांगते. मीटिंगमध्ये मी फक्त माझं नाव देते, घरातल्या बाकीच्यांनी आपापलं तोंड उघडावं. आजींना बसून लसूण सोलायला द्या, शिफ्टवाल्या मुलाला शनिवारी भांडी घासायला, ज्याची परीक्षा आहे त्याला सोडा. आणि भात शंभर माणसांना साधारण दहा किलो तांदूळ धरून दोन-तीन टोपांत वेगवेगळा लावा, गॅस वाचवायच्या नादात एकात कोंबू नका. महिला मंडळाला तर कधीच परत पाठवू नका, त्या बायकांनी तुमच्या लग्नातही वाढलंय.

दुसरी माझी डोकेदुखी म्हणजे फॅमिलीचं स्पेशल गीत. शनिवारी रात्री यूट्यूबवर ट्रॅक शोधायचा, पट्टी काळी पाच, आणि रविवारी आजोबा दुसऱ्या ओळीलाच गप्प. अहो रेव्हरंड ना. वा. टिळकांनी अभंगाच्या चालीवर म्हणता येतील अशी भजनं लिहून ठेवलीत, पेटी-तबला असला की सहा वर्षांचं पोर आणि ऐंशीच्या आजी एकत्र म्हणतात, ती घ्या की. पण नाही, माइक पाहिजे, व्हिडिओ पाहिजे. नवीन जोडप्यांचं तर विचारूच नका, मंडळीत येऊन दोन महिने झाले नाहीत तोवर वर्शिप लीड करायचंय! आधी सतरंज्या घाला, खुर्च्या उचला. बायबलमध्ये प्रेषित पौलानं स्तेफनाच्या घराण्याचं नाव घेतलं ते पवित्र जनांच्या (म्हणजे विश्वासणाऱ्यांच्या) सेवेला वाहून घेतलं म्हणून (१ करिंथ १६:१५), स्टेजवर छान दिसत होते म्हणून नाही.

बाकीच्या चुका पटापट सांगते. नाताळच्या गाण्यांच्या फेरीत लहान मुलांना रात्री बारापर्यंत फिरवू नका, पहिली चार घरं झाली की त्यांना घरी सोडा. आजारी माणसाला भेटायला अख्खं कुटुंब नको, दोघं जा, प्रार्थना आटोपशीर करा आणि चहाला नाही म्हणा. शब्बाथ शाळेत (मुलांच्या रविवारच्या बायबल वर्गात) आई शिकवत असेल तर नाताळच्या नाटकात तिच्याच मुलीला दरवर्षी मरीया करू नका (लोक बोलत नाहीत पण मोजतात). मुलांना कामाला लावलंत की मागून जाऊन तेच काम स्वतः पुन्हा करू नका, खुर्ची वाकडी राहिली तर राहू दे.

आणि अर्पणाची पिशवी मोजायला एकाच घरातले दोघं कधीच बसू नका. नवरा खजिनदार आणि बायको मोजायला, हे कितीही सोयीचं वाटलं तरी नको, दुसऱ्या घरातलं एक माणूस हवंच, आणि वहीत दोघांच्या सह्या झाल्याशिवाय नोटांना रबर लावायचं नाही.