कंप्लिशन हँडलर लिहिताना आधी बाहेर पडायच्या वाटा बघा

महापे-ऐरोलीत किंवा ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये आयओएसची पहिली नोकरी लागली, की हाती बहुधा क्लोजरांनी, म्हणजे दुसऱ्या फंक्शनला देता येणाऱ्या कोडच्या तुकड्यांनी, भरलेला जुना कोड येतो. आयओएसच्या स्विफ्ट भाषेत असिंक-अवेट (उत्तर येईपर्यंत तिथेच वाट पाहणारी पद्धत) आलं 2021 साली, 5.5 आवृत्तीत. त्याआधीचं बरंचसं काम कंप्लिशन हँडलरवरच, म्हणजे काम संपल्यावर चालवायच्या क्लोजरवरच, चालतं, त्यामुळे ते टाळून पुढे जाता येत नाही.

एस्केपिंगची, म्हणजे फंक्शन संपल्यावरही क्लोजर मागे उरण्याची, फार धास्ती घेऊ नका. 2016 च्या स्विफ्ट 3 पासून फंक्शनला दिलेलं क्लोजर मुळात नॉन-एस्केपिंग धरतात. ते फंक्शन संपल्यावर चालणार असेल आणि तुम्ही एस्केपिंग लिहायला विसरलात, तर कंपायलर अडवतो. जे तो अडवत नाही ते जपायचं: हँडलर प्रत्येक वाटेवर चालला पाहिजे, आणि एकदाच.

समजा, तुमचं फंक्शन ठाणे-वाशी लोकलचं वेळापत्रक आणतं. डेटा आला, यादी तयार झाली, हँडलरला दिली. पण वरच्या गार्डमध्ये (अट पुरी झाली नाही तर बाहेर काढणाऱ्या ओळीत) ‘डेटा नसेल तर रिटर्न’ एवढंच लिहिलंय. ऑफिसच्या वायफायवर काहीच कळत नाही. घणसोलीच्या पुढे गाडीत नेट तुटलं की लोडिंगचं चक्र फिरतच राहतं. ना क्रॅश, ना एरर. त्या रिटर्नच्या आधी हँडलरला रिझल्टचं (यश किंवा अपयश कळवणाऱ्या टाइपचं) फेल्युअर द्यायचं, मगच बाहेर पडायचं. इथे इफपेक्षा गार्ड बरा, कारण गार्डच्या एल्समधून बाहेर पडला नाहीत तर कोड कंपाइलच होत नाही. इफमध्ये रिटर्न राहिला तर फेल्युअर देऊन कोड खाली घरंगळतो आणि हँडलर दुसऱ्यांदा चालतो.

वीक सेल्फचंही (क्लोजरमध्ये ऑब्जेक्टला घट्ट धरून न ठेवण्याचं) तसंच. मुलाखतीसाठी पाठ केलेलं ते सगळीकडे चिकटवलेलं दिसतं, आणि पुढे ‘सेल्फ नसेल तर रिटर्न’. ही आणखी एक मुकी वाट! ऑब्जेक्ट स्वतः क्लोजर धरून ठेवत नसेल, तर तिथे रिटेन सायकल (दोघांनी एकमेकांना धरल्याने मेमरी न सुटणं) सहसा नसतेच.

नव्यांचा कोड तपासताना मी आधी सगळे रिटर्न शोधतो आणि प्रत्येकाच्या वर हँडलर आहे का, ते पाहतो. नेटवरून डेटा आणणाऱ्या यूआरएलसेशनचं उत्तर मुळात मेन थ्रेडवर, म्हणजे स्क्रीन सांभाळणाऱ्या थ्रेडवर, येत नाही, हे त्यानंतर.

असं जुनं फंक्शन असिंकमध्ये आणायला चेक्ड कंटिन्युएशन वापरतात; हँडलरचं उत्तर त्याच्या रिझ्यूममधून वाट पाहणाऱ्या कोडला मिळतं. तिथे रिझ्यूम दोनदा झालं तर ॲप जागीच कोसळतं, आणि झालंच नाही तर वाट पाहणारा टास्क अडकून पडतो.