मे महिन्यात सायकलवरून एकट्याने स्पिती: या चुका टाळा

सह्याद्रीचे घाट चढून पाय तयार झालेले असतात. मेमध्ये हिमाचलमधल्या स्पितीच्या उंच खोऱ्यात अंगाशी येतात त्या तिथल्या सवयी.

पहिली चूक नकाशावरच होते. शिमला-काझा-मनाली असा गोल आखून परतीचं तिकीट काढलं जातं. पण स्पितीतल्या काझ्याहून मनालीला जाताना लागणारी कुंझुम खिंड (सुमारे ४,५५० मीटर) मेअखेर किंवा जूनमध्ये उघडते. कधी, ते बर्फ ठरवतो. मेमध्ये शिमल्याकडून किन्नौरमार्गे जाऊन त्याच रस्त्याने परतायचं धरा. परतताना बसच्या टपावर सायकल टाकायची तयारी आणि दोन दिवस जास्तीचे हवेतच.

उंचीचा हिशोब जास्त फसवा. नियम साधा आहे: ३,००० मीटरच्या वर मुक्कामाची उंची रोज ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये. पण वाटेतल्या खाबच्या सतलज-स्पिती संगमापासून नाकोपर्यंतच हजार मीटरहून अधिक चढ आहे, आणि नाको (सुमारे ३,६०० मीटर) पुढच्या ताबोपेक्षा (सुमारे ३,२८० मीटर) उंच. म्हणून त्याआधी कल्पा किंवा पूह परिसरात दोन रात्री काढा, नाकोलाही एक दिवस थांबा. डोकं दुखतंय, मळमळतंय, ही उंचीच्या त्रासाची लक्षणं दिसली तर पुढे जायचं नाही. तोल जाऊ लागला किंवा बसल्या जागी धाप लागली, तर गाडी करून ताबडतोब कमी उंचीवर उतरा. ताबो-काझ्यात पोचल्यावर मात्र किन्नौरकडे उतरणारा रस्ताही आधी नाकोपर्यंत चढतो. त्यामुळे लक्षणं अंगावर काढत काझ्यापर्यंत रेटू नका. तिथे गेल्यावर त्रास झाला तर आधी तिथलं सरकारी रुग्णालय गाठा. डायमॉक्स (उंचीच्या त्रासावरची गोळी) घ्यायची की नाही, हे निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारा.

सकाळी निवांत चहा, दुपारी सायकल, हे इथे उलटं करायचं. उन्हाने बर्फ वितळला की दुपारी नाल्यांचं पाणी चढतं, वाराही जोर धरतो. नाकोपुढचा मलिंग नाला दरडींसाठी बदनाम आहे. तो सकाळीच पार करा. सहाला निघा, एक-दोनपर्यंत तंबू लागलेला असावा. तंबू नदीकाठच्या वाळूत किंवा घसाऱ्याखाली (सुट्या दगडमातीच्या उताराखाली) नको. शेताजवळ लावताना मालकाला विचारा.

स्टोव्ह नीट पेटत नाही, म्हणून तो बिघडलाय असं वाटतं. दोष बहुधा गॅसचा असतो. साधा ब्यूटेन शून्य अंशाच्या आसपास वायू व्हायलाच तयार नसतो. आयसोब्यूटेन-प्रोपेन मिश्रणाचा कॅन घ्या, रात्री स्लीपिंग बॅगमध्ये ठेवा. पेटवल्यावर आच मंदावली तर कॅन कोमट पाण्याच्या ताटलीत उभा करा. गरम पाण्यात कधीच नाही. कॅन विमानात किंवा रेल्वेत नेता येत नाहीत, आणि काझ्यात मिळतीलच असं धरू नका. तंबूच्या आत स्टोव्ह पेटवणं म्हणजे कार्बन मोनॉक्साइडला आमंत्रण.

काझ्याच्या उंचीवर पाणी ८७-८८ अंशांनाच उकळतं. डाळ शिजत नाही, गॅस मात्र संपतो. पोहे, सातूचं पीठ, मेतकूट-भात (तांदूळ तासभर भिजवून) हे चालतं. पोकळ तंतूंचा पाण्याचा फिल्टर एकदा गोठला की बाहेरून धड दिसतो, पण आतून फुटलेला असू शकतो. त्याचीही रात्रीची जागा स्लीपिंग बॅगमध्येच, पॉवर बँकेशेजारी. स्लीपिंग बॅग घेताना तिच्यावर लिहिलेलं ‘लिमिट’ नव्हे, ‘कम्फर्ट’ तापमान वाचा. ते उणे ५ अंश तरी हवं.

सायकलबाबत: १८-२० किलो सामान बहुतेक मागच्या कॅरियरवर चढतं आणि मागच्या चाकाचे, त्यातही गिअरच्या बाजूचे, स्पोक तुटतात. वजन पुढे-मागे वाटा, त्या बाजूच्या मापाचे तीन स्पोक न्या. उतारावर ब्रेक सतत दाबून धरू नका, थोडा वेळ जोरात दाबा आणि सोडा. रिम ब्रेक असेल तर तापलेल्या रिममुळे ट्यूब फुटू शकते. चिखल-रेतीत पॅड झपाट्याने झिजतात, दोन जोड जवळ हवेत. शिवाय दोन ट्यूब, पॅच, आपल्याच फ्रेमचा गिअर हँगर (मागचा गिअर ज्यावर बसतो तो तुकडा), आणि चेनच्या स्पीडला (मागच्या दातेरी चक्रांच्या संख्येला) जुळणारी, तुटलेली चेन जोडणारी क्विक लिंक. नऊ स्पीडची लिंक अकराला चालत नाही, हे घरीच पाहा.