जुन्या हार्ड डिस्कला छोट्या एसएसडीची जोड

म्हापशातल्या आमच्या डीटीपीच्या दुकानात लिनक्सवर चालणारा जुना पीसी आहे. चतुर्थीच्या तोंडावर आरतीच्या पुस्तिकेची फाइल उघडेपर्यंत गिऱ्हाईक ताटकळायचं, डिस्कची करकर ऐकून माझा जीव वर-खाली व्हायचा. मोठी एसएसडी, म्हणजे चिपवर डेटा ठेवणारी वेगवान डिस्क, परवडेना. घरात पडून असलेली ६४ जीबीची लावली आणि बीकॅश (bcache) वापरलं; हे सॉफ्टवेअर हार्ड डिस्कला एसएसडीची जोड देतं. २०१३ पासून ते लिनक्स कर्नलमध्येच, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातच आहे. वारंवार लागणारा डेटा एसएसडीवरून वाचला जातो. आधी बॅकअप घ्याच, मला डिस्क नव्याने फॉरमॅट करावी लागली. लिहिण्याच्या पद्धतींपैकी राइटबॅक मोड वेगवान, पण त्यात ताजा डेटा काही काळ फक्त एसएसडीवर असतो. ती बिघडली की तोही गेला. गिऱ्हाइकाचं काम आहे, म्हणून मी राइटथ्रूच ठेवला; त्यात डेटा हार्ड डिस्कवरही लगेच लिहिला जातो. पहिल्या दिवशी फरक जाणवला नाही. तिसऱ्या दिवशी करकर जवळजवळ थांबली.