बिघाड सांगायला आलेल्याला आधी काय म्हणाल?

कंपनीचं वातावरण भिंतीवरच्या बोधवाक्यांनी घडत नाही. माल बिघडलाय हे सांगायला आलेल्या माणसाला मालक पहिल्या झटक्यात काय म्हणतो, यावर ते ठरतं. “कोणी केलं हे?” असं खेकसलात, की पुढच्या वेळी बातमी थेट गिऱ्हाइकाकडूनच कळणार. त्याऐवजी म्हणा, “बरं झालं लगेच सांगितलंस. किती नग गेले?” चौकशी नंतर करा, तीही चारचौघांत नको.

टोयोटाने याची पद्धतच बसवली. काही खटकलं की कामगार दोरी ओढतो, ‘अंदोन’ फलकावर दिवा लागतो आणि टीम लीडर त्याच्यापाशी येतो. सरकत्या लाइनवरची गाडी ठरलेल्या जागेपर्यंत पोहोचेस्तोवर अडचण सुटली नाही, तरच लाइन थांबते.

दहा-पंधरा माणसांच्या वर्कशॉपला दोरी कशाला हवी? सकाळी पाळी सुरू होताना उभ्या उभ्या पाच मिनिटं विचारा, काल काय अडलं? सुपरवायझरला मात्र शेवटी बोलू द्या, नाहीतर बाकीचे नुसत्या माना डोलावतात (हे हमखास होतं). आणि सांगितलेल्यातलं एक तरी काम त्याच आठवड्यात झालेलं दिसू द्या; बोथट ड्रिल बिट बदललं तरी चालेल.