पितळी पातेलं वापरताय? या चुका टाळा

ताक कळकलं, आमटी कळकली, म्हणजे भांड्यामुळे चव बिघडली, ही जुनी तक्रार पुन्हा ऐकू यायला लागली आहे. माळ्यावरची पितळी भांडी हौसेनं खाली उतरली, कल्हईचं मात्र कुणाच्या लक्षात राहिलं नाही.

पितळेतलं तांबं आंबटाशी गाठ पडली की पदार्थात उतरतं. कडेला हिरवट रंग येतो, जीभ ओढल्यासारखी होते, जास्त झालं तर मळमळ आणि उलट्या. म्हणून कल्हई नसेल तर चिंचेची आमटी, कढी, टोमॅटोचं सार त्यात करू नका, काढूनही ठेवू नका. हे आजीबाईचं सोवळं नव्हे. कल्हई नीट नसलेली तांब्या-पितळेची भांडी अन्नासाठी अयोग्य, असं आपले अन्नसुरक्षा नियमही सांगतात.

दुसरी चूक कल्हई केल्यावर होते. कल्हई म्हणजे कथिलाचा पातळ थर. कथिल 232 अंशांनाच वितळतं. रिकामं पातेलं मोठ्या आचेवर विसरलात, की थर ओघळून एका बाजूला गोळा होतो. अशा भांड्यात भाजणं-तळण नको. फोडणी वेगळ्या कढल्यात करून वरून ओता. चिंच-मीठ फक्त बाहेरून लावा, आतून मऊ घासणी. तळाशी पिवळा धातू डोकावू लागला की पुन्हा कल्हई. कल्हईवाल्याकडे शुद्ध कथिलाचाच आग्रह धरा, कारण स्वस्तात शिसं मिसळलेलं असू शकतं आणि ते नुसत्या डोळ्यांना कळत नाही. शोभेची भांडी तर स्वयंपाकाला नकोतच. चमक टिकावी म्हणून त्यांवर बहुधा लॅकर, म्हणजे पारदर्शक रोगण, मारलेलं असतं.

अॅल्युमिनियमच्या कुकरचं पोट आतून काळं पडलं म्हणून घाबरून तारेनं खरवडू नका. पाण्यातल्या क्षारांमुळे तसं होतं, त्यानं अपाय होत नाही. कुकरच्या पाण्यात लिंबाची फोड टाकली की झालं. आंबट-खारट पदार्थ मात्र त्यात रात्रभर ठेवू नयेत. लोखंडी कढईतली भाजीही शिजताच काढा, नाहीतर काळी पडेल. कढई धुऊन पुसून तेलाचा हात फिरवला की गंज धरत नाही.

नॉनस्टिक तवा रिकामा तापवू नका. साधारण 260 अंशांपुढे त्याचा लेप बिघडायला लागतो.

स्टील घेताना चुंबक लावून पाहणारे पुष्कळ. चुंबक चिकटलं नाही म्हणजे स्टील चांगलं, हा समज चुकीचा आहे: 304 या चांगल्या ग्रेडच्या स्टीलला ते चिकटत नाही, तसं स्वस्त 202 ग्रेडलाही नाही. भांड्यावरचा छाप पाहा आणि बिलावर ग्रेड लिहून मागा.